घर उतरवलं, सामान कुठे?

मालवण तालुक्यातली ही वाडी. दिवाळीनंतर जुनं मातीचं घर उतरवलं; पावसाआधी नवं उभं राहील असा हिशेब होता. मे अर्धा सरला, तरी स्लॅब पडलेला नाही. माणसं दोन खोल्यांत भाड्याने राहतायत, आणि संसार खळ्यात ताडपत्रीखाली: कपाटं, पलंग, गाद्या, फ्रिज, तांब्याचे हंडे.

मुंबई-पुण्यात अशा वेळी महिन्याच्या भाड्याने सामान ठेवून घेणारी गोदामं मिळतात. इथून तिथवर टेंपोचं जाण्यायेण्याचं भाडं भरायचं, तर त्यात नवी कपाटं येतील. शिवाय कोकणात जागेला तोटा नाही. याच वाडीत कितीतरी घरांना कुलूप आहे. मालक मुंबईत, किल्ली शेजारी. विचारलं तर नाही म्हणणारा विरळाच. भाड्यापोटी लाइट बिल भरायचं, कौलं शाकारून घ्यायची, अंगण झाडून ठेवायचं, एवढ्यावर भागतं.

घरातल्या काकी मात्र वेगळंच विचारतात. "जागा कोण पण देतलो. पण पावसात दार कोण उघडतलो?"

आमच्या मते सगळं या प्रश्नावर येऊन थांबतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. असंच एक कपाट पाहा. गेल्या पावसाळ्यात एका बंद खोलीत भिंतीला टेकून उभं होतं. वर गळती नव्हती, पाणी शिरलं नव्हतं. तरी पाठीमागच्या प्लायवूडचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटलेत. खालच्या कडेला वाळवीची मातीची रेघ, बोटाने दाबलं की आतून भुगा.

म्हणून फुकटच्या बंद बंगल्यापेक्षा शेजाऱ्याचा वापरता मांगर, म्हणजे घराबाहेरची गवत-अवजारं ठेवायची शेड, बरा. तिथे रोज कुणीतरी जातं, गवत काढतं, दार उघडं राहतं. बाजूला न्हाणीची चूल पेटत असेल तर उत्तमच. जुन्या घरात माळ्यावरचं सामान वर्षानुवर्षं टिकायचं, त्याचं एक कारण खालून येणारी ऊब आणि धूर हेच होतं.

सामान रचायचं ते जांभ्याच्या चिऱ्यांवर फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर सोडून. गाद्या आधी दोन-तीन कडक उन्हं खाऊ द्या, मग जुन्या सुती चादरीत बांधा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली गादी आतून घामेजते आणि बुरशी धरते. फ्रिज पुसून कोरडा करा, दारात कापडाची घडी अडकवून फट ठेवा. फोटो, दाखले, सातबारा यांना मांगरात जागा नाही. ते जिथे राहाल तिथे सोबत न्या.

चिपळूण, खेड, महाडमध्ये खोली बघत असाल, तर भाड्याआधी पुराची खूण विचारा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचलं नाही. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे पत्र्याची शेड मिळत असेल, तर ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवा आणि पत्रे कशाने बांधलेत ते स्वतः वर चढून बघा.

बोलणं मात्र स्पष्ट हवं, भाऊबंदांत तर जास्तच. घर देणाऱ्याला सामानाची अडचण नसते. ते हलणारच नाही, ही भीती असते. काय ठेवलं याची यादी आणि कधी उचलणार तो महिना, दोघांच्या सहीने कागदावर असू द्या. खोली रीतसर भाड्याने घेतली, तर करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा तसं सांगतो.

आणि कुलूपबंद घरच घेणार असाल, तर पहिल्या दिवसापासून सामान मागच्या खोलीत लावा. चतुर्थीला चाकरमानी येणार. ओटी, माजघर आणि गणपतीची भिंत त्यांना मोकळी लागते.