पहाटेची ठोकठोक

नमस्कार श्रोतेहो.

मध्यवस्तीत फ्लॅट घेताना माणूस सगळं बघून घेतो. बाजार जवळ आहे ना, एसटी स्टँडवर चालत जाता येतं ना, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे ना. फक्त जागा बघायला जातो तो सकाळी अकराला, नाहीतर संध्याकाळी पाचला. पहाटे चारला तिथे काय चालतं, हे कळतं राहायला गेल्यावर. म्हणजे वास्तुशांत होऊन, पाहुणे जेवून गेल्यावर.

रत्नागिरीत गोखले नाका, रामआळी, धनजी नाका या बाजूला राहणाऱ्यांना मी वेगळं काय सांगणार? आंबा घाट उतरून आलेला भाजीचा टेम्पो, फरशीवर आपटलेले दुधाचे क्रेट, मासळीसाठी फोडला जाणारा बर्फ, पहिल्या एसटीची घरघर. आणि टेम्पो मागे घेताना वाजणारं ते गाणं! ते गाणं ज्याने कुणी शोधून काढलं, त्याला महिनाभर त्याच टेम्पोच्या हौद्यात झोपवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. असो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत २००० सालचे. त्यात रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. पुन्हा सांगतो, दहा ते सहा. या वेळात निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. खाली दुकानं आणि वर घरं अशा इमारतीची गोम इथेच आहे. तुमचा भाग कागदोपत्री व्यापारी निघाला, तर तुमच्या नशिबी दहा डेसिबल जास्त. दहा म्हणजे किरकोळ वाटतं. पण डेसिबल दहाने वाढले की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. याच वेळात उघड्यावरचे भोंगे बंद, निवासी भागात हॉर्न बंद, बांधकामाची आवाज करणारी यंत्रं बंद. देऊळ असो, मशीद असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, घड्याळ सगळ्यांना एकच. दहा ते सहा. तक्रार ११२ नंबरवर करता येते. नाव फुटेल म्हणून घाबरू नका. भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच बजावलंय की पोलिसांनी तक्रारदाराचं नाव उघड करू नये.

हे झालं कायद्याचं. पण फोन उचलण्याआधी एक काम असतं आणि ते कुणी करत नाही. आवाज नक्की येतो कुठून, हे शोधायचं काम. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. त्यामुळे ओळखीच्या सोसायट्यांमधून मला बोलावणी येतात आणि मी सगळीकडे एकच सांगतो, आधी कान लावा, मग बोट दाखवा.

कारण पहाटेचा आवाज मोठा लबाड. दिवसा गावात तुम्हाला कोकण रेल्वेची शिट्टी कधी ऐकू येते? स्टेशन गावापासून चांगलं लांब. पण थंडीच्या दिवसांत पहाटे ती अगदी कानाशी वाजल्यासारखी येते. रात्री जमीन निवते, जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची त्या मानाने उबदार राहते, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. त्यात मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, तो पूर्वेकडचे आवाज घेऊन येतो. बाकी सगळं शांत, म्हणून जो आवाज असेल तो डोक्यात बसतो. हे झालं हवेतलं. भिंतीतून येणारा आवाज याहून लबाड. त्याचीच एक गोष्ट सांगतो.

गावातली एक चार मजली इमारत. तळमजल्यावर गाळे. तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना आपण अण्णा म्हणू. तळमजल्याचा कोपऱ्यातला गाळा पावसकडच्या एका बागायतदाराने आंब्याच्या हंगामापुरता भाड्याने घेतलेला. रात्री बागेतून माल यायचा, निवडून पेट्या भरायच्या आणि पहाटे पिकअप वाशीच्या रस्त्याला लागायची.

एप्रिलच्या मध्यात अण्णांनी सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप टाकला. ‘पहाटे पावणेपाचला खाली पेट्यांना खिळे ठोकतात. झोप अशक्य.’ लगेच तिघांचे अंगठे. दुसऱ्या मजल्याने लिहिलं, आम्हालाही ऐकू येतं. चौथ्या मजल्याने लिहिलं, आम्हाला तर भिंतीत ठोकल्यासारखं वाटतं. या वाक्याकडे तेव्हाच कुणी लक्ष द्यायला हवं होतं. पण चौथ्या मजल्यावर राहतात भाडेकरू आणि भाडेकरूचं बोलणं सोसायटीत कोण मनावर घेतो? हा एक वेगळाच विषय आहे. त्यावर मला पुन्हा कधीतरी बोलवा.

अण्णा बँकेतले. त्यांनी वही घातली. तारीख, वेळ, शेरा. ‘४.४० ते ४.५५, ठोकठोक, मध्ये दोनदा थांबली.’ अशी पानंच्या पानं. मग एका पहाटे त्यांनी ११२ लावला. पोलीस आले, लवकर आले हेही सांगतो; पण येईपर्यंत पाच वाजून गेले होते. गाळ्यात बघतात तर चार पोरं बसून खोक्यांना चिकटपट्टी लावतायत. हवालदाराने विचारलं, “खिळे कोण मारतोय रे?” पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. तेवढ्यात बागायतदार स्वतः पुढे झाला. “साहेब, लाकडी पेटी सोडून दोन-तीन हंगाम झाले. सगळा पुठ्ठा आहे. खिळा मारायचा कशाला आणि मारायचा कुठे?”

महिनाभर त्या माणसावर आरोप चालला होता आणि गाळ्यात एकदा डोकावून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. जाता जाता सांगतो, पुठ्ठ्याने आवाज वाचला असेल. पण लाकडी पेटीतला, पेंढ्यातला आंबा उघडताना जो वास घरभर जायचा, तो काही पुठ्ठ्यात येत नाही. आणि रसाला पायरीच हवी. हापूस कापून खावा, रस पायरीचा. आमच्याच जिल्ह्यात हे बोललं की लोक वाळीत टाकायला निघतात, म्हणून रेडिओवरून बोलतोय.

तर पोलीस गेले आणि दोन दिवसांनी पुन्हा ठोकठोक. आता अण्णा चिडले. म्हणाले, पोलिसांची पाठ फिरेपर्यंत खिळे लपवतात. सभा बोलावली. अध्यक्ष माझे मित्र, त्यांनी मलाही बसवलं. अण्णांनी वही काढली आणि एकेक तारीख वाचायला लागले. तीन तारीख, पाच तारीख, सात तारीख. कोपऱ्यात दुसऱ्या मजल्याच्या काकू बसल्या होत्या. अण्णांना मध्येच थांबवून म्हणाल्या, “अहो भाऊजी, नऊ आणि अकरा पण असणार.” अण्णांनी पान उलटलं. नऊ आणि अकरा होतीच. “तुम्हाला कसं माहीत?” “मला कसं म्हणजे? ते तर पाण्याचे दिवस!”

मे महिना. नळाला पाणी एक दिवसाआड. काकू घरातल्या कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसांना गोल करतात, कारण पिंप भरायचं असतं. त्या वर गेल्या आणि कॅलेंडरच घेऊन आल्या. वही आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं. जिथे गोल तिथे ठोकठोक. एका गोलावर काकूंनी फुली मारली होती. त्या दिवशी मुख्य जलवाहिनी फुटली होती आणि पाणी आलंच नव्हतं. अण्णांच्या वहीत त्या तारखेला काय असावं? ‘आज शांतता. समज दिल्याचा परिणाम.’

सभा हसली. अण्णा हसले नाहीत.

पुढच्या पाण्याच्या दिवशी साडेचारला आम्ही खाली जमलो. अध्यक्ष, अण्णा, काकू, मी आणि बागायतदार. चहा त्यानेच आणला, हे मला विशेष वाटलं. जमिनीखालची टाकी बरोबर त्याच्या गाळ्याला लागून. लोखंडी झाकण उचललं, बॅटरी मारली. पाणी चढत होतं. टाकी भरत आली की फ्लोटचा गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो, हे तुम्ही गच्चीवर बघितलंच असेल. इथे काय होत होतं? वरून धार पडून पाण्यावर लाटा उठत होत्या. लाटेबरोबर गोळा वर गेला की नळ बंद, खाली आला की नळ चालू. बंद, चालू, बंद, चालू. त्यात आतला वॉशर झिजलेला. आणि धावतं पाणी असं एकदम अडवलं की ते पाइपाला धक्का देतं. आधी एकच ‘ठक’. मग ‘ठक-ठक’. मग अगदी खिळा ठोकल्यासारखं, सलग.

मी अण्णांना म्हटलं, पाइपाला हात लावा. त्यांनी लावला आणि झटकन काढला.

त्याच पाइपाचे पट्टे इमारतीच्या खांबाला घट्ट आवळलेले. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यातून सुमारे दीड हजार, काँक्रीटमधून तीन हजारांच्या वर. वेग सोडा, खांबातून जाताना तो फारसा विरतही नाही. तो सरळ तिसऱ्या मजल्यावर अण्णांच्या उशाच्या भिंतीत निघत होता. आणि गाळ्यातल्या पोरांना? त्यांचा मोबाइल मोठ्याने चालू, त्यांना काहीच नाही. आवाज जिथे जन्मतो तिथे कमी आणि तिसऱ्या मजल्यावर जास्त, असं होऊ शकतं. म्हणून म्हणतो, आधी कान लावा, मग बोट दाखवा.

प्लंबरने दुसऱ्या दिवशी वॉशर बदलला, टाकीच्या आधीची चावी थोडी आवळून दाब कमी केला, खांबावरच्या पट्ट्यांखाली रबराचे तुकडे घातले. आणि शेवटी त्याने जे केलं ते बघून मी त्याला मनोमन नमस्कार केला. श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, स्वच्छ धुतला, तळाला दोन भोकं पाडली आणि फ्लोटच्या दांडीला दोरीने असा बांधला की तो पाण्यात बुडून राहील. गोळ्याला आता लाटेबरोबर नाचता येईना. डबा पाण्याला धरून ठेवतो, दांडी सावकाश वर जाते, नळ सावकाश बंद होतो. ठोकठोक खलास. सगळा खर्च पिकअपच्या वाशीच्या फेरीत डिझेलला जातो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

अण्णांनी बागायतदाराची माफी मागितली का? छे. म्हणाले, “ते झालं हो, पण पाच वाजता पिकअपचा हॉर्न वाजतोच.” आणि ते खरं होतं! ड्रायव्हर पोरांना बोलवायला हॉर्न द्यायचा. बागायतदाराने तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून फोन करायचा, हॉर्न नाही. ही तक्रार नियमातही बसत होती आणि अर्ध्या मिनिटात सुटली.

वेळ संपत आली, तेव्हा राहिलेलं भराभर सांगतो. गच्चीवर पाणी चढवणारा पंप बंद होताना एकच मोठा ‘धाड’ होत असेल तर तो एनआरव्हीचा, म्हणजे चढलेलं पाणी उलट फिरू न देणाऱ्या झडपेचा आवाज. पंपाची घरघर मजल्यावर जाणवत असेल तर त्याच्याखाली रबराचे जाड तुकडे घालायला सांगा. आणि पंप पहाटे पाचला लावायचा की सहानंतर, हे ठरवायला कोर्टात जावं लागत नाही, कमिटी पुरते.

बाहेरच्या आवाजाची तऱ्हा वेगळी. जुन्या घरांना जांभ्याच्या हातभर जाड भिंती होत्या. आता विटेची अर्धी भिंत आणि वर सरकती खिडकी. सरकत्या खिडकीच्या फटीतून वारा येतो तसा आवाजही येतो. कडेला रबराची पट्टी आणि बाहेर उघडणारं, घट्ट मिटणारं झडप असेल तर बराच फरक पडतो. उकाडा आहे, खिडकी लावून कोण झोपेल, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मग निदान झोपायची खोली रस्त्याच्या बाजूची ठेवू नका.

सहा वाजून गेल्यावर येणाऱ्या पाववाल्याच्या भोंप्याबद्दलही काही जण तक्रार करतात. तिथे मी तुमच्या बाजूने नाही, आधीच सांगून ठेवतो. मच्छीवालीच्या हाकेबद्दल तर नाहीच नाही.

आणि एक. पलंगाचं डोकं पाइपाच्या डक्टला लागून असेल तर ते आज रात्रीच फिरवा. अण्णांनी सगळं दुरुस्त झाल्यावर फिरवलं. नमस्कार.