पहिला चार्ल्स आणि तीन राज्यांतलं चर्च

[दृश्य: इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं चर्च. पूर्वेच्या भिंतीला टेकलेलं टेबल, त्याच्यापुढे लाकडी कठडा.]

1636 साली नॉरिचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी आपल्या धर्मप्रांतातल्या चर्चना हुकूम धाडला. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं, टेबल पूर्वेच्या भिंतीशी ठेवा. त्याच्यापुढे उत्तरेच्या भिंतीपासून दक्षिणेच्या भिंतीपर्यंत कठडा घाला. उंची साधारण एक यार्ड. आणि गज इतके दाट बसवा, की मधून कुत्रं आत शिरता कामा नये.

कुत्र्याचा उल्लेख थट्टेनं केलेला नाही. त्या काळी माणसं चर्चला येताना कुत्री बरोबर आणत. त्यांना हाकलायला काही ठिकाणी पगारी माणूसच असे. टेबल एरवी मोकळंच पडलेलं. त्यावर टोप्या ठेव, टेकून बस, हिशेबाच्या वह्या पसर, हे सर्रास चालायचं. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांना ही अवकळा खुपत होती, आणि त्यात तथ्य होतं. देवाच्या घरात स्वच्छता असावी, शिस्त असावी, हे म्हणणं वरवर पाहता कुणालाही पटेल.

मग लोक पेटले कशानं?

आधी टेबल बघू. 1559 पासूनची वहिवाट अशी: एरवी टेबल पूर्वेला, प्रभुभोजनाच्या वेळी ते उचलून मध्ये आणायचं, मंडळी भोवती जमायची. बऱ्याच गावांत तर ते एकदा मध्ये आलं ते मध्येच राहिलं. ते भिंतीशी नेऊन उत्तर-दक्षिण लावलं, कठड्याआड ठेवलं आणि लोकांना कठड्यापाशी गुडघे टेकायला लावलं, की जेवणाच्या टेबलाची वेदी होते. वेदी म्हटली की यज्ञबली आला, बळी अर्पण करणारा याजक आला, आणि त्याच्या पाठोपाठ रोम, म्हणजे पोपचं कॅथलिक चर्च, आलं. प्रोटेस्टंट माणूस हा हिशेब एका नजरेत करायचा. त्याला धर्मशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नव्हती.

त्यात कठड्याचा खर्च गावाच्या माथी. सुताराचे, लाकडाचे पैसे चर्चच्या पट्टीतून. काम झाल्याचा दाखला चर्चवॉर्डननं द्यायचा. हा वॉर्डन म्हणजे गावातलाच शेतकरी नाहीतर कापडवाला. त्यानं टाळाटाळ केली, तर चर्चच्या कोर्टाचं बोलावणं. तरी ऐकलं नाही, तर बहिष्कृत. बहिष्कार 40 दिवसांत उठला नाही, तर तुरुंग. सॉमरसेटमधल्या बेकिंग्टन गावच्या वॉर्डनांनी टेबल हलवायला नकार दिला आणि ते या सगळ्या पायऱ्या उतरत तुरुंगात पोचले.

[दृश्य: ब्रिटिश बेटांचा नकाशा. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड वेगवेगळ्या रंगांत.]

राजा पहिला चार्ल्स 1625 मध्ये गादीवर आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर तीन मुकुट होते. राज्यं तीन, पार्लमेंटं तीन आणि चर्चही तीन तऱ्हेची. इंग्लंडमध्ये बिशप आणि ठरलेलं प्रार्थनापुस्तक. आयर्लंडमध्ये बहुसंख्य प्रजा कॅथलिक, सरकारी चर्च प्रोटेस्टंट. त्या चर्चचे स्वतःचे 1615 चे 104 धर्मनियम, इंग्लंडच्या 39 नियमांपेक्षा कॅल्विन या कडक प्रोटेस्टंट सुधारकाकडे जास्त झुकलेले. आणि स्कॉटलंडची किर्क, म्हणजे तिथलं प्रोटेस्टंट चर्च. तिच्यात बिशप होते, पण खालून वरपर्यंत सभांची उतरंडही होती: गावची सेशन, मग प्रेस्बिटरी, सिनड आणि सगळ्यांच्या वर जनरल असेंब्ली.

चार्ल्सचे वडील जेम्स यांनीही किर्कला इंग्लंडच्या जवळ ओढायचा प्रयत्न केला होता. 1618 मध्ये पर्थच्या असेंब्लीत त्यांनी पाच कलमं मंजूर करून घेतली. त्यातलं प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे टेकण्याचं कलम सगळ्यांत झोंबलं, कारण स्कॉट मंडळी लांब टेबलांशी बसून भाकर आणि प्याला एकमेकांच्या हाती देत. पण जेम्स स्कॉटलंडमध्येच वाढलेले. दोरी किती ताणायची हे त्यांना कळत होतं. कलमं कागदावर राहिली, बऱ्याच ठिकाणी कुणी सक्ती केली नाही.

चार्ल्सनं पहिली आगळीक केली ती जमिनीच्या बाबतीत. स्कॉटलंडमध्ये जुना रिवाज होता: राजा लहानपणी गादीवर आला असेल, तर त्याच्या नावानं दिलेली इनामं तो 21 ते 25 वर्षांच्या दरम्यान रद्द करू शकतो. चार्ल्स गादीवर आला तो 24 व्या वर्षी. तो लहान असताना त्याच्या नावानं राज्य चाललंच नव्हतं. तरीही पंचविशी पुरी व्हायला महिनाभर राहिला असताना, ऑक्टोबर 1625 मध्ये, त्यानं थेट 1540 पासूनची चर्चच्या आणि राजाच्या जमिनींची इनामं रद्द केली. म्हणजे धर्मसुधारणेनंतर, स्कॉटलंडनं रोमशी नातं तोडल्यावर, सरदारांनी गिळलेली सगळी मठांची मालमत्ता.

हेतू सगळा वाईट नव्हता. पाळकांना किमान 800 मर्क (स्कॉटिश नाणं) वर्षासन ठरलं. पिकाचा दहावा हिस्सा सरदाराच्या घरात जायचा. तो हक्क जमीनदाराला नऊ वर्षांच्या उत्पन्नाइतकी रक्कम भरून सोडवून घेता येईल, अशी सोय झाली. प्रत्यक्षात जमिनीही फारशा कुणाच्या गेल्या नाहीत. पण आपल्या वाड्याखालची जमीन राजा एका कागदानं परत मागू शकतो, ही धास्ती सरदारांच्या मनात कायमची बसली. किर्कचे कर्मठ पाळक आणि हे सरदार, यांचं एरवी फारसं जमत नसे. राजानं ते जमवून दिलं.

[दृश्य: एडिंबरा, सेंट जाइल्स.]

1633 मध्ये राज्याभिषेकाला चार्ल्स एडिंबऱ्याला आला. बिशप भरजरी झग्यांत, वेदीसारखं सजवलेलं टेबल, मेणबत्त्या. 1635 मध्ये सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप स्पॉटिसवुड यांना त्यानं चॅन्सेलर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारातला बडा अधिकारी, केलं. धर्मसुधारणेनंतर हे पद चर्चच्या माणसाकडे पहिल्यांदाच गेलं. सरदारांनी हेही ध्यानात ठेवलं.

1636 मध्ये किर्कसाठी नवी नियमावली आली. उत्स्फूर्त प्रार्थनेला बंदी. आणि नवं प्रार्थनापुस्तक मानलंच पाहिजे. गंमत अशी, की हे पुस्तक तेव्हा छापूनच झालेलं नव्हतं. न पाहिलेल्या पुस्तकावर निष्ठा ठेवायची होती. वर्षभर नुसत्या अफवा पिकल्या, आणि पुस्तक आलं तेव्हा लोकांचं मत आधीच पक्कं झालेलं होतं.

पुस्तक मुळात स्कॉटिश बिशपांनी रचलेलं, राजा आणि लॉड यांनी तपासलेलं. त्यात सवलतीही होत्या. इंग्लंडच्या पुस्तकात जिथे ‘प्रीस्ट’ आहे, तिथे इथे ‘प्रेस्बिटर’ (मंडळीतला वडीलधारा) घातलं, म्हणजे बळी देणाऱ्या याजकाचा वास नको. पण जाणकारांचं बोट दोन जागांवर पडलं. भाकर देताना म्हणायची दोन वाक्यं इंग्लंडच्या पुस्तकात होती: एक प्रभूच्या शरीराबद्दल, दुसरं त्याच्या आठवणीसाठी खाण्याबद्दल. स्कॉटिश पुस्तकात दुसरं गाळलं. उरलं फक्त शरीर. आणि पाळकानं टेबलाच्या अशा बाजूला उभं राहावं जिथून दोन्ही हात मोकळेपणी वापरता येतील, अशी सूचना. विरोधकांनी अर्थ लावला: मंडळीकडे पाठ करून, कॅथलिक याजकासारखं.

खरी खोट मात्र वेगळीच होती. हे पुस्तक ना स्कॉटिश पार्लमेंटपुढे गेलं, ना जनरल असेंब्लीपुढे. असेंब्ली तर 1618 नंतर भरलीच नव्हती. सगळा कारभार राजाच्या हुकमावर आणि प्रीव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या मंत्रिमंडळाच्या, शिक्क्यावर. प्रत्येक मंडळीनं दोन प्रती विकत घ्यायच्या, नाहीतर पाळकाला बंडखोर ठरवण्याची नोटीस.

23 जुलै 1637, रविवार. सेंट जाइल्समध्ये पुस्तक पहिल्यांदा वाचलं जाणार, हे आधीच्या रविवारी जाहीर झालेलं होतं. म्हणजे तयारीला पुरा आठवडा मिळाला. डीन जेम्स हॅने यांनी पान उघडलं आणि बायकांनी गोंगाट सुरू केला. बसायला आणलेली स्टुलं भिरभिरत आली. बिशप डेव्हिड लिंडसे यांचा आवाज कुणाला ऐकू जाईना. दंगेखोरांना बाहेर काढून दारं लावली, तर बाहेरून दारं बडवायला आणि खिडक्यांवर दगड मारायला सुरुवात झाली. पहिलं स्टूल जेनी गेडिस नावाच्या बाईनं फेकलं असं सांगतात. पण हे नाव त्या घटनेला बरंच नंतर चिकटलं. ब्रेकिनचे बिशप व्हिटफर्ड यांनी तर आपल्याकडे पुस्तक वाचताना भरलेली पिस्तुलं जवळ ठेवली.

दंगा एका दिवसाचा. राजाला जड गेले ते पुढचे अर्ज. ऑगस्टमध्ये ल्यूकार्सचे पाळक अलेक्झांडर हेंडरसन यांनी कौन्सिलकडे अर्ज केला, आणि कौन्सिलनं पळवाट काढली: हुकूम पुस्तक विकत घेण्यापुरता आहे, वापरण्याबद्दल नाही! राजाचेच मंत्री असे कच खातात हे दिसल्यावर गावोगावहून अर्जांची रीघ लागली. ऑक्टोबरमध्ये चार्ल्सनं अर्जदारांना 24 तासांत एडिंबरा सोडायला फर्मावलं. परिणाम: आणखी एक दंगा. मग सरदार, जमीनदार, शहरांचे प्रतिनिधी आणि पाळक, अशी चार ‘टेबलं’, म्हणजे समित्या, बसली. म्हणजे समांतर सरकारच.

तरीही वाट होती. खापर बिशपांवर फोडून पुस्तक मागे घेता आलं असतं. राजकारणात हे नेहमीचंच, आणि विरोधकांनी राजासाठी ही खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती. फेब्रुवारी 1638 मध्ये स्टर्लिंगला जाहीरनामा वाचला गेला: पुस्तक राजाच्या स्वतःच्या मर्जीनं आलंय, आणि यापुढे जमाव करून अर्ज करणं हा राजद्रोह. आमच्या मते सगळ्यात घातक चूक ही. आता पुस्तकाला विरोध म्हणजे राजालाच विरोध.

उत्तर नऊ दिवसांत आलं. 28 फेब्रुवारीला एडिंबऱ्याच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये ‘नॅशनल कव्हेनंट’ या राष्ट्रीय प्रतिज्ञापत्रावर सह्या सुरू झाल्या. मसुदा हेंडरसन आणि वकील आर्चिबाल्ड जॉन्स्टन यांचा. जॉन्स्टनची करामत बघण्यासारखी आहे. आधी 1581 ची कॅथलिकविरोधी जुनी प्रतिज्ञा, जी राजाच्या बापानं स्वतः सही केलेली. मग पार्लमेंटच्या कायद्यांची लांबलचक यादी. शेवटी शपथ. त्यात राजाच्या रक्षणाचं वचन आहे, आणि ‘बिशप नकोत’ असं थेट कुठेच नाही. त्यामुळे कुंपणावरच्यांनाही सही करता आली. नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला असेंब्ली भरली. राजाचा प्रतिनिधी हॅमिल्टन उठून गेला, तरी ती उठली नाही. पुस्तक, नियमावली, पर्थची कलमं रद्द. 14 च्या 14 बिशप पदच्युत.

[दृश्य: डब्लिन, सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल. मजल्यांवर मजले असलेलं बॉयल घराण्याचं स्मारक.]

आयर्लंडमध्ये राजाच्या वतीनं कारभार पाहणारा माणूस होता टॉमस वेंटवर्थ. त्यानं कामाला सुरुवात केली ती एका थडग्यापासून. रिचर्ड बॉयल, अर्ल ऑफ कॉर्क, हा आयर्लंडमधला बडा धनिक आणि खजिनदार. त्यानं पत्नीसाठी डब्लिनच्या कॅथीड्रलमध्ये काळ्या संगमरवराचं अवाढव्य स्मारक बांधलं, नेमकं वेदीच्या जागी. त्यातली एक बालमूर्ती रॉबर्ट बॉयलची मानतात. शाळेत वायूंच्या दाबाचा नियम शिकलो, तोच हा बॉयल. वेंटवर्थनं ते स्मारक उतरवायला लावलं, सुटं करून पेट्यांत भरायला लावलं. पुढे चर्चच्या जमिनींवरून बॉयलला 15,000 पौंडांचा दंडही बसला. प्रोटेस्टंट बडी मंडळी गेली राजाच्या विरोधात.

1634 मध्ये आयरिश चर्चवर इंग्लंडचे 39 नियम लादले गेले. अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतात येऊन वसलेल्या स्कॉटांचे पाळक बडतर्फ झाले. सप्टेंबर 1636 मध्ये साधारण 140 जण ‘ईगल विंग’ नावाच्या जहाजानं अमेरिकेला निघाले. वादळानं जहाज परत फिरवलं. त्यातले रॉबर्ट ब्लेअर आणि जॉन लिव्हिंगस्टन हे पाळक मग स्कॉटलंडला गेले, कव्हेनंटच्या ऐन तोंडावर. 1639 मध्ये वेंटवर्थनं अल्स्टरमधल्या 16 वर्षांवरच्या प्रत्येक स्कॉटाला, बायकांनाही, कव्हेनंट न मानण्याची शपथ घ्यायला लावली. लोकांनी तिला ‘काळी शपथ’ म्हटलं. कित्येकांनी शपथ चुकवायला उभं पीक सोडून समुद्र ओलांडला.

आणि कॅथलिक? त्यांनी 1628 मध्ये 1,20,000 पौंड कबूल करून 51 सवलतींचं वचन मिळवलं होतं. त्यातली जीव की प्राण अशी सवलत जमिनीची: 60 वर्षं कब्जा असेल, तर राजानं मालकी उकरून काढू नये. पैसे घेतले गेले. 1634 मध्ये वेंटवर्थनं ही सवलत नाकारली.

[दृश्य: टाइन नदी, न्यूबर्नचा उतार.]

कव्हेनंटवाले स्कॉट आणि चार्ल्स यांच्यातल्या लढाया आटोपशीर सांगण्यासारख्याच आहेत. 1639 मध्ये तह झाला, फारसं रक्त सांडलं नाही. 1640 मध्ये पैशांसाठी चार्ल्सनं इंग्लंडचं पार्लमेंट बोलावलं आणि तीन आठवड्यांत मोडलं. पाळकांची सभा मात्र चालूच ठेवली. तिनं आर्चबिशप, बिशप, डीन, आर्चडीकन ‘इत्यादींची’ सत्ता बदलू देणार नाही अशी शपथ काढली. या ‘इत्यादीं’त उद्या पोपही बसेल, अशी टवाळी सुरू झाली. सक्तीनं भरती केलेले इंग्लिश शिपाई उत्तरेकडे जाता जाता एसेक्समधल्या चर्चांचे कठडे उपटून जाळू लागले. 28 ऑगस्टला न्यूबर्नला स्कॉट सैन्य नदी उतरून आलं आणि न्यूकॅसल पडलं. लंडनच्या चुलींचा कोळसा इथूनच जायचा. रिपनच्या तहात ठरलं: स्कॉट सैन्याला रोज 850 पौंड. हे पैसे पार्लमेंटशिवाय उभे राहणं शक्य नव्हतं, म्हणून 3 नोव्हेंबरला बसलेलं पार्लमेंट राजाला मोडता येईना. डिसेंबरमध्ये लॉड यांच्यावर महाभियोग. मे 1641 मध्ये वेंटवर्थचा शिरच्छेद.

त्याचा वचक उठला, आणि ऑक्टोबर 1641 मध्ये आयर्लंडचे कॅथलिक उठले. स्कॉटांनी हत्यार उपसून हवं ते मिळवलं, मग आपण का नाही? त्यात आपण राजाच्याच हुकमानं लढतोय, असा बनावट फर्मान दाखवून त्यांनी दावा केला. लंडनला कॅथलिक कटाची भीती होतीच.

इंग्लंडमध्ये मात्र इथे गाडी अडली. कठडे नकोत यावर बहुतेकांचं एकमत होतं. पण जुनं प्रार्थनापुस्तक आणि बिशपही नकोत म्हटल्यावर निम्मे लोक थबकले. त्या पुस्तकावर त्यांच्या दोन-तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं झाली होती. ते राखा म्हणून परगण्यांतून अर्ज येऊ लागले. नोव्हेंबरमध्ये राजाविरुद्धचं तक्रारपत्र कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहात, 159 विरुद्ध 148 मतांनी, म्हणजे जेमतेम 11 च्या फरकानं, पास झालं. ज्या चार्ल्सच्या बाजूनं वर्षापूर्वी उभं राहायला कुणी तयार नव्हतं, त्याला पक्ष मिळाला तो इथे, आणि यादवी युद्धाला लागणारी दुसरी बाजूही.