आमवात जंतूंमुळे होतो का?

मागच्या आठवड्यात लालबागच्या एक बाई तपासून घ्यायला आल्या होत्या. दोन्ही हातांच्या मुठी वळत नव्हत्या, बोटांच्या मधल्या सांध्यांवर सूज होती, आणि सकाळी दुधाची पिशवी कापायची म्हटली तरी हात मोकळे व्हायला तास-दीड तास जातो, असे त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी पर्समधून प्रतिजैविकाची तीन रिकामी पाकिटे काढून टेबलावर ठेवली. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, जंतूंमुळे होतो असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. "डॉक्टर, जंतू मेले तर वातही जायला हवा ना?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता, गेली शंभर वर्षे वैद्यकशास्त्र तोच विचारत आले आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक डॉक्टरांची खात्री होती की दातांच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये दडलेला संसर्गच सांध्यांना छळतो. या समजुतीपायी असंख्य रुग्णांचे चांगले दात उपटले गेले. दात गेले, दुखणे राहिले. पुढे १९२९ साली फ्रान्समधील जॅक फोरेस्टिए यांनी आमवातावर सोन्याचे क्षार वापरले. सोन्याचा एक क्षार क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्येच दाखवले होते, आणि फोरेस्टिए यांना हे दोन्ही आजार एकमेकांच्या जवळचे वाटत होते. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्त्झ यांनीही संसर्गाचाच विचार मनात धरून जंतू रोखणारे सल्फा औषध आणि अ‍ॅस्पिरिनच्या, म्हणजे सॅलिसिलेट, कुळातले औषध यांची सांगड घातली; तेच आजचे सल्फासॅलझीन. तर्क खरा ठरला नाही, पण औषध लागू पडले, आणि तुमच्यापैकी काहींच्या डब्यात ते आजही असेल. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर मुळात हिवतापाचे औषध आहे. औषध गुणकारी ठरले म्हणून त्यामागचा सिद्धांतही बरोबर होता असे होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो.

मग जंतूंचा काहीच संबंध नाही का? आहे, असे मला वाटते, आणि सध्याचा सर्वांत लक्षवेधी धागा हिरड्यांपर्यंत जातो. हिरड्या सुजवणारा पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जिवाणू आहे. त्याच्याजवळ असे विकर (एन्झाइम) असते, जे प्रथिनांतल्या आर्जिनीन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर करते. असे बदललेले प्रथिन शरीराला परके वाटू लागते, आणि ज्यांच्यात तशी आनुवंशिक प्रवृत्ती असते, त्यांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार होऊ शकतात. अँटी-सीसीपी ही तपासणी याच प्रतिपिंडांची आहे, आणि ही प्रतिपिंडे सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीही रक्तात सापडू शकतात. बिडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसातही असाच बदल घडतो. आतड्यातला प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू आणि एपस्टाइन-बार विषाणू यांच्यावरही संशय आहे, मात्र यांपैकी एकावरही आरोप सिद्ध झालेला नाही.

घरात भांडण लावून देणारा पाहुणा केव्हाच निघून जावा आणि घरचे मात्र वर्षानुवर्षे भांडत राहावेत, तसे इथे होत असावे. मग पाहुण्याच्या मागे धावून काय उपयोग? १९९५ साली अमेरिकेत २१९ रुग्णांवर मिनोसायक्लीन या प्रतिजैविकाची ४८ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. सांध्यांची सूज आणि दुखरेपणा काहीसा कमी झाला. पण हे औषध जंतू मारण्याखेरीज सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे मऊ आवरण) झिजवणारी विकरेही रोखते, त्यामुळे तो गुण जंतुनाशाचाच होता असे म्हणता येत नाही. आजच्या उपचारात या औषधाला फारसे स्थान उरलेले नाही.

मुंबईत मात्र जंतूंचा विचार दोन ठिकाणी करावाच लागतो. पहिले ठिकाण निदानाचे. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीनंतर महिनोन्महिने सांधे धरलेले रुग्ण आम्ही पाहिले, आणि त्यांतल्या काहींचे दुखणे हुबेहूब आमवातासारखे होते. हिपॅटायटिस सी मध्ये सांधे दुखतात आणि आमवातासाठी केली जाणारी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही रक्ततपासणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून नुसत्या एका रिपोर्टवर शिक्का मारू नये, आधी तापाची हकिकत विचारावी.

दुसरे ठिकाण क्षयाचे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. टीएनएफ हे सूज वाढवणारे प्रथिन रोखणारी जैविक इंजेक्शने आमवातावर उत्तम काम करतात, पण शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडलेला क्षय त्यांच्यामुळे जागा होऊ शकतो. चाळीत किंवा दाट वस्तीत आयुष्य काढलेल्यांच्या अंगात तो असणे काही नवलाचे नाही. छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी त्वचेवरची माँटू किंवा रक्ताची इग्रा तपासणी केल्याशिवाय असे इंजेक्शन घेऊ नका. तपासणीत सुप्त क्षय आढळला, तर त्याचे प्रतिबंधक औषध आधी सुरू करावे लागते.

त्या बाईंना मी प्रतिजैविक थांबवायला सांगितले, हिरड्यांतून रक्त येत होते म्हणून दंतवैद्याकडे पाठवले, आणि रक्त व यकृताच्या तपासण्या पाहून मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध सुरू केले. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल करून ठेवा, असे मी त्यांना बजावले. परवा त्या कॅलेंडरचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी मला दाखवला. रविवारांवर लाल गोल होते, आणि फॉलिक अ‍ॅसिड घ्यायच्या दिवसावर त्यांनी आपण होऊन निळी खूण केली होती.