घर कुंभारीला, पगार पुण्याला

[दृश्य : सोलापूर रेल्वे स्थानक, सकाळ. हुतात्मा एक्स्प्रेस फलाटाला लागलेली.]

सोमवारची हुतात्मा एक्स्प्रेस. 1931 साली फासावर गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाची ही गाडी साधारण चार तासांत पुण्याला पोचवते. डब्यात बघा, बरीचशी पोरं विशी-पंचविशीतली. शनिवार-रविवार घरी काढून परत निघालेली. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी. कुणी हिंजवडीला जाणार, कुणी चाकणला, कुणी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बसणार.

यातल्या बहुतेकांचं सोलापुरात घर आहे. लहान असेल, पण आहे. आणि तरी दर महिन्याला ते पुण्यात भाडं भरतात. पुण्यात हल्ली खोलीसुद्धा मिळत नाही, मिळते ती कॉट. कॉट बेसिसवर राहायचं, म्हणजे एका खोलीत चार पलंग, त्यातला एक आपला. डिपॉझिट वेगळं, मेस वेगळी. नवख्या पोराच्या पहिल्या पगारातला मोठा वाटा इथेच जातो. उरलं तर घरी.

[दृश्य : बंद गिरणीचं आवार. पडकी भिंत, चिमणी.]

एके काळी उलटं होतं. लोक पोट भरायला सोलापुरात यायचे. जुनी गिरणी 1870च्या दशकात उभी राहिली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून शेतमजूर आले. मिलमध्ये लागलेल्या माणसाला वाण्याकडे उधारी मिळायची, मुलीला स्थळ मिळायचं. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. मोठ्या पगाराची, फंड-ग्रॅच्युइटीची नोकरी त्याबरोबर गेली. तिच्या जागी तेवढ्या तोडीचं काही आलं नाही, हे स्पष्टच बोललेलं बरं.

राहिले यंत्रमाग. पूर्व भागात कुठल्याही बोळात शिरा, खडखडाट ऐकू येतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेल परदेशी जातो. पण पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटनं चादरीचं मार्केट खाल्लं, आणि मागावरचं काम नगावर. इंजिनिअर झालेला मुलगा बापाच्या मागावर उभा राहील, अशी अपेक्षा बापाचीसुद्धा नाही.

[दृश्य : घराचा उंबरठा. मांडीवर सूप घेतलेली बाई. फक्त हात.]

आता हे हात बघा. सुपात एका बाजूला भिजवून कापलेली तेंदूची पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. पान उचललं, चिमूटभर तंबाखू पसरली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला. हे सांगायला जितका वेळ लागला, त्याच्या आत दुसरी विडी झाली. मजुरी दर हजार विड्यांमागे. कारखान्यात माल मोजून घेताना विडी सैल वाटली, पान फाटकं दिसलं की ती बाजूला पडते. तिला छाट म्हणतात. छाट विडीचे पैसे नाहीत, पान आणि मेहनत मात्र गेलेली असते.

सोलापुरात हजारो बायकांनी याच कमाईवर घर चालवलंय आणि पोरं शिकवलीत. त्यातल्या कितीतरी मुली आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत. शहराच्या कुठल्याही जाहिरातीत या बायका दिसत नाहीत.

[दृश्य : अक्कलकोट रोड, कुंभारी. इमारतींच्या रांगा.]

घराच्या बाबतीत मात्र या बायकांनी जे केलं, ते देशात फार ठिकाणी झालेलं नाही. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या. 2006 साली कुंभारीत गोदूताई परुळेकर नगरमधली दहा हजार घरं त्यांना मिळाली. त्यानंतर रे नगर : असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प. 2019च्या जानेवारीत पायाभरणी, आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतर, दोन्ही वेळा पंतप्रधानांच्या हस्ते. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी लाभार्थ्याचं. बाकी म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत बँकेचा हप्ता.

भाड्याची कटकट संपली, हे खरंच मोठं आहे. घरमालक उठवेल ही भीती ज्यांनी सोसली, त्यांना विचारा. पण कुंभारी शहराबाहेर. विडी घरात वळता येते, माग घरात बसवता येत नाही. गारमेंटमध्ये किंवा मागावर जाणाऱ्याला रोज रिक्षा, नाहीतर पेट्रोल. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तेच.

आणि ज्यांना योजनेतलं घर लागलं नाही, त्यांच्यासाठी गुंठेवारी. 1992 साली हद्दवाढ झाली, आसपासची गावं महापालिकेत आली. शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली गेली. रस्ते, ड्रेनेज, पाणी मागून येत राहिलं, काही भागांत अजून यायचंय. आयुष्यभराची पुंजी घालून गुंठा घ्यायचा आणि मग कळायचं, लेआउट मंजूर नाही, बँक कर्ज देत नाही. मंजूर प्लॉट जुळे सोलापूरला, होटगी रोडला, विजापूर रोडला आहेत. तिथला भाव सोलापूरच्या पगारात बसत नाही. पुण्या-मुंबईत कमावणाऱ्याला मात्र तो स्वस्त वाटतो.

[दृश्य : विद्यापीठाचं प्रवेशद्वार. बसमधून उतरणाऱ्या मुली.]

शिक्षणाचं चित्र मात्र बरंच सुधारलं. दयानंद कॉलेज 1940चं, सरकारी मेडिकल कॉलेज 1963चं. बीए-बीकॉमच्या मार्कलिस्टमधली चूक दुरुस्त करायला 2004पर्यंत कोल्हापूर गाठावं लागायचं, कारण विद्यापीठ शिवाजी. मग सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ आलं, एका जिल्ह्यापुरतं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. 2024पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीकृत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाची फी माफ आहे. विडी कामगाराच्या मुलीला इंजिनिअरिंगची फी भरावी लागत नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

फक्त फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. पुण्याला नंबर लागला की होस्टेल, मेस, प्रवास, लॅपटॉप. सरकारी होस्टेलच्या जागा मोजक्या. एज्युकेशन लोनला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे कागदावर ठीक. पण सहअर्जदार म्हणून सही आईबापाचीच, आणि त्यांच्या नावावर आधीच घराचा हप्ता चालू.

[दृश्य : रे नगरमधलं एक घर. टेबलावर मोबाईल, कॅपचा ऑप्शन फॉर्म उघडलेला.]

या घरात सध्या वाद चाललाय तो याच फॉर्मवरून. मुलगी म्हणते पहिला ऑप्शन पुणे, तिथे प्लेसमेंट आहे. वडील म्हणतात सोलापूरचं कॉलेज वर टाक, डबा घरून जाईल. आईचं म्हणणं वेगळंच. इथं शिकून चार वर्षांनी पुण्याला जाणारच आहे, तर आत्ताच जाऊ दे, कॉटचे पैसे मी बघते. कुठून बघणार, असं वडिलांनी विचारलं. रोज दोनशे विड्या जास्त वळीन, ती म्हणाली.