तारीख दिली म्हणजे दिली : रोरी गॅलाहरची गोष्ट, झाडीपट्टीतून

[दृश्य : गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज-वडसा. नाटक कंपन्यांचे फलक, खाली उभ्या मोटारसायकली.]

दिवाळी आटोपली आणि धान कापणीला आलं की वडशात गावोगावच्या मंडळांची ये-जा सुरू होते. कुणाला मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री नाटक हवं असतं, कुणाला शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या. कंपनीच्या ऑफिसात टेबल-खुर्चीपेक्षा मोलाची वस्तू म्हणजे तारखांची वही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी त्या वहीवर चालते. ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅडवाला, सगळे हंगामी. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडेस्तोवर वाजवावं लागतं. पाऊस आला की हंगाम बंद. मग धानाची रोवणी (लावणी), चिखल आणि घरचं शेत.

आजची गोष्ट मात्र एका आयरिश गिटारवादकाची आहे. ती वडशात बसून का सांगायची, हे पुढे आपोआप कळेल.

[दृश्य : बॅलीशॅननचं जुनं छायाचित्र, अर्न नदी.]

रोरी गॅलाहरचा जन्म 2 मार्च 1948 चा. आयर्लंडच्या वायव्येला डोनेगल परगण्यात बॅलीशॅनन नावाचं छोटं गाव आहे, तिथला. गावाजवळ अर्न नदीवर तेव्हा जलविद्युत प्रकल्प उभा राहत होता आणि रोरीचे वडील त्या कामावर होते. आपल्याकडे वैनगंगेवर गोसीखुर्दचं भूमिपूजन 1988 साली झालं, तेव्हापासून धरणाच्या कामावर बाहेरून आलेली घरं पवनीकडच्या लोकांनी पाहिलेली आहेत. गॅलाहर हे तसलंच एक कुटुंब. वडील अकॉर्डियन वाजवायचे, लोकनृत्याच्या बँडमध्ये गायचे. आई मोनिका गायची आणि गावातल्या हौशी नाटक मंडळीत कामही करायची. म्हणजे पोरगा नाटकवाल्या बाईचा. बॅलीशॅननच्या ज्या नाट्यगृहात आई उभी राहिली, त्याला आज रोरीचं नाव आहे.

पुढे कुटुंब उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात गेलं. तिथून आई रोरी आणि त्याचा भाऊ डोनल या दोन्ही पोरांना घेऊन दक्षिणेला कॉर्कला आली. नऊव्या वर्षी रोरीला पहिली गिटार मिळाली. शिकवायला कुणी नव्हतं. रात्री रेडिओ लक्झेंबर्ग आणि अमेरिकी सैन्याचं केंद्र लागायचं, त्यातून जे कानावर पडेल ते बोटांवर घ्यायचं. मडी वॉटर्ससारख्या ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, गायकांशी त्याची ओळख अशी खरखरीतूनच झाली.

[दृश्य : गिटारचा क्लोजअप. कॅमेरा हळूहळू खांद्याकडून खुंट्यांकडे.]

1963 साली, पंधराव्या वर्षी, त्यानं कॉर्कच्या क्राउली म्युझिक स्टोअरमधून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. 1961 ची, वापरलेली, किंमत 100 पौंड. तेवढे पैसे घरात कुठून येणार? हप्त्यानं घेतली. आधीच्या मालकाला लाल रंगाची हवी होती, कंपनीनं तपकिरी-पिवळ्या छटेची पाठवली, म्हणून ती दुकानात परत आली होती. हीच गिटार रोरीनं जन्मभर वाजवली. मध्यंतरी ती चोरीला गेली आणि पावसात एका चरात पडलेली सापडली. पुढे घामानं रंग असा उडाला की नुसतं लाकूड उरलं. नीट बघा : जिथे हात टेकतो तिथला भाग साफ उघडा, कडेला रंगाचे पोपडे. सहा खुंट्यांपैकी एक निराळीच, कारण मोडली ती बदलली आणि काम पुढे चालू ठेवलं.

गिटार हाती आली, पण हप्ते कोण भरणार? रोरीनं शोबँडमध्ये नोकरी धरली.

शोबँड म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या माणसाला दोन वाक्यांत कळतं. सगळ्यांचा एकसारखा सूट, आठ-दहा वादक, एक गाडी. गावोगावच्या डान्स हॉलमध्ये चार-पाच तास उभं राहून चालू हिट गाणी वाजवायची. लोक नाचायला आलेले असतात, तुमची कला बघायला नव्हे. ख्रिस्ती उपवासाच्या काळात, लेंटमध्ये, हॉल बंद असायचे. मग बरेच बँड इंग्लंडमधल्या आयरिश मजुरांच्या वस्त्यांकडे निघायचे. आपल्याकडे पाऊस जे करतो, ते तिकडे पंचांग करायचं.

रोरीवर लिहिणारे बहुतेक जण शोबँडची वर्षं वाया गेली असं सुचवतात. सच्चा ब्लूजवाला बिचारा सूट घालून हलकी गाणी वाजवत बसला, असा त्यांचा सूर असतो. मला हे पटत नाही. पुढे हा माणूस सलग अडीच-तीन तास एका दमात वाजवायचा, समोरचे लोक थंड पडले की चार सुरांत त्यांना उठवायचा. हे रेडिओनं शिकवलेलं नाही, हॉलनं शिकवलं.

[दृश्य : शाळेच्या मैदानावर मंडप उभा राहतोय. वादक मोबाइलभोवती.]

1974 च्या आयर्लंड दौऱ्याचं चित्रीकरण आम्ही एका नाटक पार्टीच्या वादकांना दाखवलं. पडद्यावर चौकड्याचा शर्ट, भिजलेले केस, डोळे मिटलेला रोरी.

ऑक्टोपॅडवाला म्हणाला, “हा दमत नाही का जी?”

गिटारवाला काही बोलला नाही. तो हिवाळ्यात नाटकाला, शारदा उत्सवात ऑर्केस्ट्राला, बाकी धानाला. त्याचं लक्ष रोरीच्या उजव्या करंगळीकडे होतं. ती करंगळी सारखी आवाजाच्या बटणावर फिरते. तार आधी छेडायची, मग बटण उघडायचं, म्हणजे टंकाराचा ठोका गाळला जातो आणि व्हायोलिनसारखा सूर वर चढत येतो. मागे यंत्रांची रांग नाही. त्या वर्षांत व्हॉक्स कंपनीचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, त्याच्या आधी जोडलेली एक छोटी ट्रेबल बूस्टरची, म्हणजे वरचे सूर जोरात करणारी, डबी, एवढंच. डबी आवाज इतका रेटते की व्हॉल्व्ह तापून स्वतःच गुरगुरायला लागतात. गिटारवाल्यानं क्लिप मागे घेतली, परत लावली. मग स्वतःची करंगळी हवेतच फिरवून पाहिली.

[दृश्य : ‘टेस्ट’ बँडची छायाचित्रं, मैफलींची पोस्टरं.]

1966 मध्ये रोरीनं कॉर्कमध्ये टेस्ट नावाचा तिघांचा बँड काढला. 1968 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या गाजलेल्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्याच्या आधी टेस्ट वाजला. 1970 चा आइल ऑफ वाइट महोत्सवही गाजवला. त्याच वर्षाअखेर व्यवहाराच्या भांडणात बँड मोडला. ती कटकट लांबलचक आहे, सोडून देऊ.

1971 पासून तो स्वतःच्या नावानं उभा राहिला, बासवर बेलफास्टचा गेरी मॅकअव्हॉय. लहानपणी खरखरीतून ऐकलेल्या मडी वॉटर्ससोबत लंडनमध्ये रेकॉर्डिंग झालं. मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाच्या कौलात तो नामांकित गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या पुढे गेला. रेकॉर्ड कंपन्या एकेक गाण्याची वेगळी रेकॉर्ड (सिंगल) काढ म्हणून मागे लागायच्या. हा तयार व्हायचा नाही. माझ्या मते नुकसान त्याचंच झालं, पण हट्ट म्हणजे हट्ट.

उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात बॉम्ब फुटत होते. बाहेरचे बँड बेलफास्टला जायला धजत नव्हते. रोरी वर्षामागून वर्ष जायचा आणि अल्स्टर हॉलमध्ये वाजवायचा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं एकाच हॉलमध्ये उभी राहायची. ही भीती पोकळ नव्हती. 31 जुलै 1975 च्या पहाटे मायामी शोबँड या आयरिश बँडची गाडी कार्यक्रम संपवून डब्लिनकडे परतत होती. सैनिकी गणवेशातल्या माणसांनी खोटी नाकेबंदी करून ती थांबवली आणि तीन वादक ठार केले. रात्रीचा खेळ संपवून गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांनी गाडी काढणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. मोबाइलभोवतीची कुजबुज आपोआप थांबली.

त्याच 1975 च्या जानेवारीतली गोष्ट. रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध ब्रिटिश बँडचा गिटारवादक मिक टेलर बँड सोडून गेला होता. रोरीला रॉटरडॅमला बोलावणं आलं. गेला, त्यांच्यासोबत वाजवलं. पण जपानच्या दौऱ्याच्या तारखा आधीच दिलेल्या होत्या. तो उठला आणि जपानला निघून गेला. जागा पुढे रॉनी वुडला मिळाली.

यावर मंडपात दोन तट पडले.

“येडा होता का गा? जिंदगी बनली असती ना त्याची,” ऑक्टोपॅडवाला म्हणाला.

“मंग जपानवाल्याले काय सांगतं? तारीख दिली होती ना गा,” ऑर्गनवाले काका म्हणाले. “तारीख दिली म्हणजे दिली.”

काकांनी विषय तिथेच संपवला. आमचं मत विचारलं नाही, पण ते काकांच्याच बाजूचं आहे.

[दृश्य : मॅक्रूमचा किल्ला.]

1977 च्या जूनमध्ये कॉर्क परगण्यातल्या मॅक्रूम या बाजाराच्या गावी, किल्ल्याच्या आवारात रोरीचा कार्यक्रम झाला. आयर्लंडमधला पहिला मोठा उघड्यावरचा रॉक कार्यक्रम म्हणून त्याचं नाव घेतात. राजधानीत नाही, गावात.

नंतरची वर्षं उताराची होती. विमानाची भीती बसली, त्यावरच्या गोळ्या, सोबत दारू. यकृत गेलं. तरी दौरे चालूच. जानेवारी 1995 मध्ये रॉटरडॅमला शेवटचा कार्यक्रम केला. लंडनमध्ये यकृत बदललं, शस्त्रक्रिया निभावली असं वाटत असताना जंतुसंसर्ग झाला आणि 14 जून 1995 रोजी तो गेला. वय 47. लग्न केलेलं नव्हतं. कॉर्कजवळ बॅलिनकॉलिगला दफन झालं.

2010 मध्ये बॅलीशॅननच्या रस्त्यावर त्याचा पुतळा बसला. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गावात त्याच्या नावाचा महोत्सव भरतो आणि देशोदेशीचे बँड येऊन त्याचीच गाणी वाजवतात.

[दृश्य : लिलावगृह, काचेमागे गिटार.]

गिटार भाऊ डोनलनं सांभाळली. ऑक्टोबर 2024 मध्ये लंडनच्या बॉनहॅम्स लिलावगृहात ती विक्रीला निघाली. आयर्लंडमध्ये गलका झाला, सरकारनं विकत घ्यावी अशी मागणी झाली. बोली 7 लाख पौंडांवर गेली. ज्या आयरिश कार्यक्रम-कंपनीनं ती घेतली, तिनं ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली.

आकडा ऐकून ऑक्टोपॅडवाला रुपयांत हिशेब करत बसला. गिटारवाल्यानं फक्त विचारलं, तिथे कुणाला वाजवू देतात का. मग कंपनीचा माणूस वही घेऊन आला, कुरखेड्याच्या तारखेची गाडी किती वाजता निघणार ते सांगायला.