‘भार’ आणि ‘मार’ यांमधली रेघ

नमस्कार श्रोतेहो. ऐकता ऐकता बोटानं तळहातावर ‘भार’ लिहा. ‘भ’च्या डोक्यावर रेघ जरा तुटते ना? ती फट बुजली, तर वाचणारा ‘मार’ वाचेल. आपली शिरोरेषा अशी कामाची आहे.

भारतीय संगीताच्या जुन्या परदेशी एल्पी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, मी वर्षानुवर्षं जमवतोय. काहींच्या कव्हरांवर रोमन अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी आडव्या रेघेला टांगलेली असतात. गिऱ्हाइकाला लांबूनच ‘भारत’ वाटावं, एवढंच त्या रेघेचं काम. तिथं फट ठेवायला कारणच नाही.

ही युक्ती जुनी आहे. 1883 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड टाइप फाउंड्रीनं, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यानं, ‘चायनीज’ नावाचा टाइप काढला: चिनी वळणाची वाटणारी रोमन अक्षरं. पुढे त्याचं नाव ‘मँडरिन’ झालं. चिनी सुलेखनात ‘योंग’, म्हणजे ‘चिरंतन’, या एका अक्षरावर आठ मूळ फटकारे घोटवून घेतात. कुंचला कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, सारं ठरलेलं. या टाइपात त्यातलं फक्त सुरीच्या पात्यासारखं टोक आलं. तशी तीन पाती जोडली की झाला रोमन ‘ए’! चीन काय नि जपान काय, दोघांनाही तीच पाती. अमेरिकेतल्या चिनी दुकानदारांनीही पाट्यांसाठी असलीच अक्षरं घेतली. त्यांना दोष देववत नाही. गिऱ्हाइकाला कळेल अशा खुणेवर त्यांचं पोट होतं.

1940 च्या सुमारास कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी रेकॉर्डच्या कव्हरांवर चित्रं आणली. तेव्हापासून गाण्याची पहिली ओळख डोळ्यांना होऊ लागली, म्हणून मला ही अक्षरं इतकी खुपतात. नावांचंही तेच झालं. क्यू साकामोतो यांचं जपानी गाणं 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मूळ नावाचा अर्थ, ‘वर पाहत चालूया’. आसवं ओघळू नयेत म्हणून वर पाहायचं. तिकडे ते विकलं गेलं ‘सुकियाकी’ या नावानं. सुकियाकी म्हणजे मांसाचा एक रस्सा. गाण्यात त्याचा उल्लेखही नाही.

माझ्याकडच्या एका सतारीच्या एल्पीवर अशीच टांगलेली अक्षरं आहेत. कव्हर मी जसंच्या तसं जपलंय. आतल्या कागदी पाकिटात मात्र एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर तिरप्या कापाच्या बोरूनं सावकाश लिहिलंय: सतार.