एका भिंतीची फी

स्ट्रक्चरल इंजिनिअरला बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो असा: "एक भिंत काढायची आहे, किती घ्याल?" जागा न बघता याचं खरं उत्तर कुणालाच देता येत नाही. का, ते आज त्या एका भिंतीवरूनच पाहू. फीचा बराचसा हिशेब तिच्यातच सापडतो.

समजा, दोन खोल्यांमधली ४ मीटर लांबीची विटांची भिंत काढायची आहे. दोन्ही खोल्या साडेतीन मीटर रुंद आणि वर १२५ मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब. काँक्रीट घनमीटरला अडीच टन भरतं, म्हणजे स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या थोडं वर. फरशी आणि गिलाव्याचे १०० धरा. माणसं, कपाटं, सामान यांचे २०० धरतात. बेरीज झाली ६०० च्या वर. दोन्ही बाजूंचा निम्मा निम्मा स्लॅब या भिंतीवर येतो, म्हणजे साडेतीन मीटरचा पट्टा. ढोबळमानाने भिंतीच्या दर मीटरला दोन टनांहून जास्त. वरच्या मजल्यावर याच रेषेत २३० मिलिमीटरची, ३ मीटर उंच भिंत असेल, तर तिचे मीटरला आणखी सुमारे १.४ टन. एकूण साडेतीन. चार मीटरला १४ टन, आणि भिंतीच्या जागी बीम टाकला की त्याच्या प्रत्येक टोकावर ७ टन. वरच्या भिंतीवर गच्चीचा स्लॅब टेकला असेल, गच्चीवर पाण्याची टाकी असेल, तर ते वजन याहून वेगळं.

आता ते ७ टन जातात कुठे? बीम २३ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत २० सेंटिमीटर आत बसवला, तर टेकायला जागा मिळते ४६० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५ किलो. बऱ्याच साध्या वीटकामाला याच्या निम्मा ताणसुद्धा सुरक्षितपणे सोसत नाही. बीमखालच्या विटा चिरडतात आणि कोपऱ्यातून उभी भेग निघते. म्हणून टोकाखाली ६० सेंटिमीटर लांबीचा काँक्रीटचा बेड ब्लॉक, म्हणजे वजन पसरवणारा ठोकळा, द्यावा लागतो, की ताण ५ किलोवर येतो. तरीही पाया उरलाच. आधी चार मीटरवर पसरलेलं वजन आता दोन ठिकाणी एकवटलंय. खालचा पाया किती रुंद आणि किती खोल आहे, हे टोकाशी खड्डा खणून बघावंच लागतं.

बीमचा आकार काढणं हे या कामातलं सगळ्यात सोपं. वर काय आहे, स्लॅब कोणत्या दिशेने टेकलाय, खाली काय आहे, हे शोधण्यात इंजिनिअरचा वेळ जातो आणि फी त्या वेळेची असते. म्हणूनच जुने नकाशे, बांधकाम सुरू असतानाचे फोटो, आधी झालेल्या फेरबदलांची माहिती हाताशी असेल तर फी कमी होऊ शकते. माहिती नसेल तर इंजिनिअरला वाईटात वाईट गृहीत धरावं लागतं, आणि तो खर्च स्टीलमध्ये निघतो.

फी ठरवण्याच्या पद्धती तीन-चार आहेत. नव्या घराला क्षेत्रफळावर दर लावणं ठीक, पण एका भिंतीच्या कामाला तो लागू पडत नाही. जागा बघायला येणं आणि हिशेब करणं छोट्या कामातही तेवढंच असतं. बांधकाम खर्चाची टक्केवारी छोट्या कामाला मला पटत नाही, कारण त्यात काटकसरीचं डिझाइन करणाऱ्याचंच नुकसान होतं. भेगांचं कारण शोधायचं असेल तर तासावर दर बरा, कारण काम किती निघेल हे आधी कळत नाही. एरवी काम लेखी पक्कं करून एकरकमी फी ठरवा. त्या कागदावर भेटी किती, बदल किती वेळा करून देणार, सहीचं प्रमाणपत्र धरलंय का, हे हवंच. मातीची तपासणी, काँक्रीटचे कोअर (तपासणीसाठी कापून काढलेले नमुने) काढणं, प्रयोगशाळेचा खर्च हे सहसा त्यात नसतात. तेही आधीच विचारून ठेवा.

दोन कोटेशनमध्ये मोठा फरक दिसला की आधी भेटींचा रकाना बघा. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये बहुधा भेटीच गाळलेल्या असतात. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. सळया बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधीची भेट तर कधीच सोडू नये, कारण एकदा स्लॅब भरला की आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. बाल्कनीचं उदाहरण घ्या. पुढे आलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. काम करणाऱ्यांचे पाय पडून ती दाबली जाते आणि तळाशी जाऊन बसते. सळई पूर्ण, काँक्रीट उत्तम, तरी ती बाल्कनी वजन पेलू शकत नाही. सळई वर धरून ठेवणाऱ्या चेअर, म्हणजे सळईचेच वाकवलेले आधार, खाली दिल्यात का, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

"मागच्या कामात हाच बीम टाकला होता" हे वाक्यही महागात पडतं. तेच वजन मीटरला धरून गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४ वरून ६ मीटर केला, तर बीमवरचा वाकवणारा जोर सव्वादोन पट होतो आणि झोल पाच पट. "चार सळया जास्त घाला" हाही उपाय नाही. प्रमाणाबाहेर सळई घातलेल्या काँक्रीटच्या बीममध्ये स्टील ताणलं जाऊन आधी भेगा दाखवण्याऐवजी वरचं काँक्रीट अचानक चिरडतं. घर सोडायला वेळच मिळत नाही.

भिंत पाडतानाची भेटही फीत धरा. टेकू भिंतीच्या दोन्ही बाजूंना लागतात, आणि त्यांच्याखाली नुसती फरशी असून चालत नाही. वजन जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे. लोखंडी बीम बसल्यावर त्याच्या आणि स्लॅबच्या मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) घट्ट भरायची, ते पुरतं घट्ट होऊ द्यायचं, मगच टेकू काढायचे. घाई झाली तर स्लॅब त्या फटीइतका खाली बसतो आणि वरच्या मजल्याच्या भिंतींना तिरक्या भेगा पडतात. काम संपल्यावर हिशेबाचे कागद, प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा आणि सळयांचे फोटो मागून घ्या. पुढच्या वेळी भिंत किंवा मजला बदलायचा झाला, तर इंजिनिअरला तो खड्डा पुन्हा खणावा लागणार नाही.